स्किझोफ्रेनियाची औषधं आणि बुद्धीचा प्रश्न

मागच्या भागात आपण मनोरुग्णालयांचा इतिहास पाहिला. आज औषधांकडे वळू. 'गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगा मंद झाला' ही तक्रार आपण अनेक घरांत ऐकतो. ती कितपत खरी?

१८९०च्या दशकात जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला 'डिमेन्शिया प्रिकॉक्स' म्हटलं, म्हणजे ऐन तारुण्यातला बुद्धिऱ्हास. १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिलं. लक्षात घ्या, आजची एकही गोळी तेव्हा नव्हती. लक्ष, स्मरण, नियोजन यांतली अडचण औषधांच्या आधीपासूनची आहे.

क्लोरप्रोमाझिन फ्रान्समध्ये १९५० साली तयार झालं. १९५२मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ डले आणि पियेर डेनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. भास, संशय, खळबळ ओसरू लागली. पण यश मोजलं गेलं ते एवढ्यावरच. रुग्णाला किराण्याची यादी लक्षात राहते का, पुन्हा नोकरी झेपते का, हे प्रश्न मागेच राहिले.

१९५८मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल आलं. पुढे त्याचे डोस बरेचदा मोठे असायचे. हात थरथरू लागले की ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी दुसरी गोळी जोडायची, आणि ही दुसरी गोळी स्मरणशक्तीला बाधते. म्हणजे घरच्यांच्या तक्रारीतही तथ्य आहेच.

१९९०च्या दशकात नवी औषधं आली, ती बुद्धीही सुधारतात असा दावा झाला. तुलना मात्र अनेकदा हॅलोपेरिडॉलच्या मोठ्या डोसशी होती. अमेरिकेतल्या 'कॅटी' या मोठ्या अभ्यासाचे याबाबतचे निष्कर्ष २००७ साली आले: सुधारणा थोडीशीच, आणि जुनं परफेनाझिन नव्यांच्या मागे नव्हतं. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासात दिसलं, की तीच चाचणी पुन्हा दिली तर निरोगी माणसांचे गुणही साधारण तेवढेच वाढतात. सुधारणा कसली, तर बऱ्याच अंशी सरावाची!

मग यातून आपण काय घ्यायचं? 'मंद झाला' म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आजार उलटला तर नुकसान मोठं. पण डॉक्टरांना विचारावं: डोस कमी होईल का? थरथरीची गोळी अजून लागते का? लक्ष आणि स्मरण यांसाठी प्रशिक्षण मिळेल का? सत्तर वर्षांच्या इतिहासात हे प्रश्न उशिरा विचारले गेले. आपल्या घरात तरी ते वेळेवर विचारले जावेत.