छतात शिरलेला दिवा

परळच्या भोईवाड्यात अलीकडे जी खोली नव्याने सजविली जाते, तीत लाद्यांच्या पाठोपाठ पीओपीचे फॉल्स सिलिंग आणि त्यात बसविलेले वाटोळे दिवे यांची मागणी ठरलेलीच असते. दिवा नजरेआड राहावा आणि उजेड मात्र घरभर पसरावा, ही अपेक्षा आज या वस्तीत सहज झाली असली, तरी तिच्यामागे कष्टकऱ्यांच्या घरातील उजेडाचा जो दीर्घ इतिहास आहे, तो जाणल्याखेरीज या हौसेचे मोल कळणार नाही.

पालखी वाहणाऱ्या भोयांचे नाव ज्या वाड्याने धारण केले, त्याला हातातला उजेड अपरिचित नव्हता, कारण रात्रीच्या पालखीपुढे मशालजी चालावा, हा जुना दस्तूरच होता. हंड्या आणि झुंबरे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात, नक्षीदार तक्तपोशीखाली लटकत. गरिबाच्या घरी कोनाड्यातली पणती किंवा रॉकेलची चिमणी असे आणि तिचा प्रकाश आढ्यापर्यंत पोहोचतही नसे. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 च्या ऑक्टोबरात गॅसचे दिवे लागले. गॅस कंपनीचा कारखाना लालबागेत, म्हणजे भोईवाड्यापासून जवळच होता, आणि त्याची खूण गॅस कंपनी लेन या नावात अद्याप टिकून आहे.

विजेचा प्रवेश मात्र या भागात घराच्या दाराने झाला नाही, तो गिरणीच्या दाराने झाला, आणि ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. क्रॉफर्ड मार्केट 1882 सालीच विजेने उजळले होते. परंतु 1905 च्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे सर्रास लागले, तेव्हा सूर्यास्ताबरोबर संपणारा कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला, कामगारांत प्रक्षोभ उसळला, चौकशीसाठी सरकारला समिती आणि आयोग नेमावे लागले, आणि अखेर 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. साच्यावर लख्ख प्रकाशात राबलेला माणूस घरी परतून चिमणीच्या काजळीत भाकरी खात होता. उजेड त्याच्या श्रमासाठी होता, विसाव्यासाठी नव्हता.

1920 नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या अमदानीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड येथे 207 चाळी उठविल्या. भोईवाड्याला लागून असलेल्या नायगावच्या चाळींत एकेक खोली 160 चौरस फुटांची, आणि डोक्यावर तुळयांऐवजी सलोह काँक्रीटचा सपाट स्लॅब. या स्लॅबने कष्टकऱ्याला प्रथमच सरळ छत दिले. पण पोकळी तेवढी दिली नाही, आणि दिवा छतात बसवावयाचा तर पोकळी हवी. म्हणून तार लाकडी पट्टीवरून उघड्याने फिरली, आणि खोलीच्या मधोमध होल्डरला एक दिवा लोंबत राहिला.

दडलेल्या दिव्यांची गोडी लागली ती चित्रगृहांत. 1949 सालच्या लिबर्टी चित्रगृहात गिलाव्याच्या कंगोऱ्यांआडून झिरपणारा प्रकाश पाहून भारावलेल्या प्रेक्षकाला तसे काही आपल्या खोलीत करणे अशक्यच होते, कारण जुना बल्ब विजेचा फार मोठा हिस्सा उष्णतेतच दवडी आणि कोंडलेल्या जागेत तो तापे. ही अडचण एलईडीने दूर केली. निळ्या एलईडीच्या ज्या शोधामुळे पांढरा प्रकाश साध्य झाला, त्याला 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता दोन-तीन इंच पोकळी पुरते. कारागीर स्लॅबपासून पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा टांगतो, त्याला बोर्ड स्क्रूने जोडतो आणि होल कटरने वर्तुळ कापतो. वायरमन दिव्याच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बोटांनी वर दाबून तो भोकात सरकवतो आणि बोटे काढताच स्प्रिंगा बोर्डाच्या पाठीवर उघडून घट्ट बसतात.

तथापि लहान खोलीत या दिव्यांच्या रांगा लावण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. हा प्रकाश सरळ खाली पडतो. भिंती अंधाऱ्या राहतात, वाचणाऱ्या मुलाच्या डोक्याची सावली पुस्तकावर येते, आणि पोटमाळा असेल तर त्याखालची अर्धी खोली वंचितच राहते. भिंतीजवळ थोडेच दिवे आणि अभ्यासाच्या जागी स्वतंत्र दिवा, एवढी तजवीज पुष्कळ उपयोगी ठरते.

नायगाव, वरळी आणि डिलाईल रोड येथील बीडीडी चाळींच्या जागी म्हाडा आता 500 चौरस फुटांची घरे बांधीत आहे. अशा नव्या इमारतींत तारांच्या नळ्या काँक्रीट ओतण्यापूर्वीच गजांच्या जाळीवर अंथरल्या जातात. त्यामुळे खाट कोठे राहील, देव्हारा कोणत्या भिंतीला आणि मुलाचे टेबल कोणत्या खिडकीपाशी, हे रहिवाशाला कोणी विचारण्याच्या कितीतरी आधी दिव्याची जागा नकाशावर कायम झालेली असते.