निगेटिव्हमध्ये राहिलेला चेहरा

चैत्र पौर्णिमेला डहाणू तालुक्यात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू होते. मसोलीहून किंवा तलासरीहून तिथे आलेल्या माणसाचा भर दुपारी फोटो काढायचा, तर मागे पांढरंफटक आभाळ आणि पुढे उन्हात रापलेला सावळा चेहरा. डिजिटल कॅमेऱ्याआधी या दोहोंतलं काय राखायचं, हे रोल विकत घेतानाच बरंचसं ठरून जायचं.

स्लाइड फिल्म अशा उन्हात निर्दय. आभाळ राखलं की चेहरा काजळतो. कलर निगेटिव्ह त्यामानाने उदार. कोडॅकने १९४२मध्ये कोडाकलर आणली. त्या दशकाच्या अखेरीस निगेटिव्हला ओळखीची नारिंगी झाक आली, रंगद्रव्यांतले दोष प्रिंटमध्ये भरून काढण्यासाठी. दोन स्टॉप जादा उजेड निगेटिव्ह सहज पचवते. कमी पडला, तर मात्र सावलीत काही उरतच नाही. म्हणून जाणते फोटोग्राफर उन्हातही माप सावलीचं घेत.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी कमी कॉन्ट्रास्टची फिल्म वेगळी मिळे: आधी व्हेरिकलर, १९९८पासून पोर्ट्रा. दुकानातला साधा रोल भडक रंगांचा, कारण गिऱ्हाइकाला लाल लुगडं लालभडकच हवं असे. माझ्या मते वारली लग्नाला ती मवाळ फिल्मच योग्य. अंधाऱ्या घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक आणि दाराबाहेर रणरणतं अंगण, हे एका चौकटीत मावायला हवं ना!

पण खरा घात प्रिंट करताना व्हायचा. लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं जे नमुनाचित्र असे, त्यावर कित्येक दशकं गोरी तरुणीच होती. गडद तपकिरी छटा सुधारायला हव्यात, हा रेटा चॉकलेट आणि फर्निचरच्या जाहिरातींमुळे आला, असं कोडॅकमधल्याच जुन्या माणसांनी सांगितलं आहे. त्यात प्रिंटिंगचं यंत्र अख्ख्या निगेटिव्हची सरासरी काढणारं. तेजस्वी आभाळ निगेटिव्हवर दाट उतरतं. यंत्र त्या दाटपणाला भुलून कागदाला जास्त उजेड देतं. आभाळ सुधारतं, चेहरा काळा पडतो.

प्रिंट अल्बममध्ये जायची आणि निगेटिव्हच्या पट्ट्या लॅबच्या पाकिटात, ट्रंकेच्या तळाशी. बुरशी लागली नसेल तर त्या आज स्कॅन करता येतात, आणि प्रिंटमध्ये नुसता काळा डाग दिसणाऱ्या जागी आजीचे डोळे सापडू शकतात.