एका चुलीवरचं बोर्डिंग

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला होस्टेलच्या मेसमध्ये पहिले आठ दिवस कोणीही कुठेही बसायचं. महिन्याभरात टेबलं ठरून गेली. आधी जिल्ह्याप्रमाणे, मग हळूहळू आडनावाप्रमाणे. नियम कोणी केला नव्हता, भांडणही कोणाचं नव्हतं. रेक्टर पंधरा ऑगस्टला एकतेवर भाषण ठोकायचे, आम्ही टाळ्या वाजवून आपापल्या टेबलावर जायचो. कोपऱ्यात एक मुलगा वर्षभर एकटाच जेवला. मी त्याला नाव विचारलं ते थेट सेकंड इयरला. अजून टोचतं ते.

परवा कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल वाचताना ती मेस आठवली, म्हणून हा लेखप्रपंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला की पहिला प्रश्न फीचा नसायचा, राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे हा असायचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्यावर जातवार बोर्डिंगं काढली. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग झालं, मग जैन, मुसलमान आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळात ही फार मोठी उडी होती. हजारो घरांत पहिल्यांदा शिकलेला माणूस त्यामुळे आला. पण चुली वेगवेगळ्याच राहिल्या.

भाऊराव (जन्म १८८७, कुंभोज) त्यातल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहायचे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आधी आंघोळ कर, मग आत ये. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. मला वाटतं, पुढचं सगळं त्या न केलेल्या आंघोळीतून आलं!

१९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. इथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहणार, एकाच चुलीवरचं जेवणार आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं स्वतः करणार. १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले आणि बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

आता जरा विचार करा. शेजारी बसलेल्या मुलाने थापलेली भाकरी तुम्ही रोज खाताय. उद्या तुमची पाळी. असं वर्षभर चाललं की विटाळावर वेगळं व्याख्यान कशाला लागतंय? आमच्या भाषेत सांगायचं तर भाऊरावांनी युजरला उपदेश केला नाही, डिफॉल्ट सेटिंगच बदललं. वेगळं बसायचं असेल तर मुद्दाम वेगळं बसावं लागेल, अशी व्यवस्था केली.

आणि ही व्यवस्था फुकट झाली नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. त्यांच्यासाठी ही मुलं स्वयंपाकघरात येणं म्हणजे लहानपणापासून शिकलेलं सगळं पुसून टाकणं. ते त्यांनी पुसलं, आणि मुलांना आईसारखं सांभाळलं. बोर्डिंगमधलं धान्य संपलं की एकेक दागिना मोडत गेला, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. पुढे शेकड्यांनी शाळा निघाल्या, 'कमवा आणि शिका' महाराष्ट्रभर पोचलं, १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं. लक्ष्मीबाईंनी यातलं जवळजवळ काहीच पाहिलं नाही.

जात यामुळे संपली का? नाही, आमची मेस साक्षीला आहे. पण त्या बोर्डिंगमध्ये आलेल्या मुलाला 'तू आमच्यातला नाहीस' हे रोज ताटावर बसून ऐकावं लागलं नाही. शिकायला बसलेल्या पोरासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

गेल्या आठवड्यात ताई सांगत होती, भाचीच्या शाळेत आता मूल्यशिक्षणाचा तास वाढवणार आहेत. चांगलं आहे. मी तिला म्हटलं, पालकसभेत एवढंच विचार : डबा खाताना कोण कोणाशेजारी बसतं, आणि एकटं कोण बसतं, हे बाईंना माहीत आहे का?

असो. सोमवारी कँटीनमध्ये मीही जरा टेबल बदलून बघणार आहे. तुमच्या होस्टेलात काय होतं, सांगा जरूर.