काचविटांची खिडकी

पोकळ काचेचे ठोकळे सिमेंटच्या दरजांत बांधून केलेली, न उघडणारी खिडकी. उजेड भरपूर येतो, पण आरपार स्पष्ट दिसत नाही. म्हणून न्हाणीघर, जिना किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोरची भिंत येथे ती सोयीची. बाजारात ‘ग्लास ब्लॉक’ मागितला की हीच वीट मिळते.

स्वित्झर्लंडमधील वास्तुकार ग्यूस्ताव्ह फाल्कोनिए याने १८८६ मध्ये फुंकून बनवलेल्या पोकळ काचविटांचे पेटंट घेतले. आजची वीट साच्यात दाबून घडवलेले दोन अर्धे भाग तापलेले असतानाच जोडून तयार होते. निवताना आतली हवा आकसते, त्यामुळे पोकळीत हवेचा दाब कमी राहतो. काचविटांचे सर्वांत गाजलेले घर म्हणजे पॅरिसमधील ‘मेझाँ द व्हेर’ (१९३२). वरच्या मजल्यावरची भाडेकरू जागा सोडेना, म्हणून वास्तुकार प्येर शारो याने तो मजला तसाच ठेवून खालचे मजले पाडले आणि त्या जागी काचेच्या ठोकळ्यांच्या भिंतींचे घर बसवले.

बांधणी : नेहमीची वीट १९० × १९० × ८० मिमी.ची असते. ती तोडून बसवता येत नाही. म्हणून गाळा विटांच्या हिशेबाने सोडावा लागतो. १० मिमी.च्या दरजा धरून तीन विटांची ओळ ५९० मिमी. भरते, दोन्ही कडांच्या फटी मिळवून गाळा ६१० मिमी.चा हवा. हा हिशेब गिलाव्यानंतरच्या मापावर करावा.

ही खिडकी भार घेत नाही, आणि बिघाडाचे मूळ बहुधा ही गोष्ट विसरण्यातच असते. वर लिंटेल हवेच. शिवाय लिंटेल व विटा यांच्यामध्ये आणि दोन्ही कडांना फोमची पट्टी घालून फट सोडावी लागते. उन्हाने काच प्रसरण पावते, तुळई किंचित वाकते. फट सिमेंटने गच्च भरली असेल तर तडा विटेलाच जातो. नेटकेपणाच्या नादात गवंडी ही फट बुजवून टाकतो, तेव्हा काम चालू असताना तिथे उभे राहावे.

सांधेमोड येथे करत नाहीत. दरजा उभ्या-आडव्या सरळ रेषेत येतात. परिणामी भिंत कमकुवत राहते, म्हणून दरजांतून गंज न चढणाऱ्या बारीक सळ्या फिरवतात. काच पाणी शोषत नाही. पांढऱ्या सिमेंटचा माल त्यामुळे घट्ट कालवावा लागतो, आणि एका दमात फार थर चढवले तर खालच्या ओळी सरकतात. स्पेसर लावूनही ओळंबा पाहत राहावे. विटांवर सांडलेला माल ओला असतानाच फडक्याने पुसावा. वाळल्यावर खरवडला तर काचेवर ओरखडे उठतात.

वायुवीजन शून्य असल्याने न्हाणीघरात एका गाळ्यात पंखा किंवा झडपेची खिडकी ठेवणे आवश्यक. पश्चिमेच्या भिंतीवर साध्या पारदर्शक विटा लावू नयेत. उजेडाबरोबर ऊनही आत येते.

देखभाल : काचेला फारसे काही लागत नाही, लक्ष द्यावे ते दरजांकडे. फरशीसाठी आणलेले ॲसिड येथे वापरल्यास सिमेंट झडते आणि पावसाळ्यात पाणी आत झिरपते. बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग पातळ व्हिनेगरने निघतात, पण लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. कडेचे सिलिकॉन सुटले किंवा काळे पडले की काढून नवे भरावे, शक्यतो उन्हाळ्यातच.

विटेच्या आत दव धरले, तर तिचा जोड फुटलेला असतो. बाहेरून कितीही पुसून उपयोग नाही. तेवढीच वीट बदलता येते. डोळ्यांना गॉगल व हातात जाड मोजे घालून ती मध्यावर ठोकून फोडावी, मग काठाच्या काचा आणि जुना माल बारीक छिन्नीने, शेजारच्या विटेला धक्का न लावता काढावा. सळी आड आली तर नवी वीट बसण्यापुरती कापावी लागते.