यंत्राचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. पण संगणकाच्या बाबतीत हा उपदेश पाळून भागत नाही. एखाद्या यंत्रावर नवा प्रोग्रॅम चालवायचा, तर आधी त्याची पुरती चौकशी करावी लागते. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्कवर जागा केवढी, कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारी प्रणाली कितव्या आवृत्तीची आहे? सोयरीक जुळवतानाही कोणी इतके खोदून विचारत नसेल! ही चौकशी करावी कशी, हे माणूस हळूहळू शिकत गेला. त्या शिकण्याची ही गोष्ट आहे.

तिची सुरुवात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत होते. तेथे १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही प्रणाली रचायला घेतली. त्या काळी यंत्राला त्याची माहिती विचारण्याचे फारसे कारणच नव्हते. यंत्र खोलीभर पसरलेले असे आणि त्याला काय जोडले आहे, हे ते सांभाळणाऱ्या माणसाला तोंडपाठ असे. १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीतही नवे उपकरण जोडले की त्याचे नाव माणसाने यादीत घालायचे आणि प्रणालीचा गाभा नव्याने बांधून घ्यायचा, अशीच रीत होती. म्हणजे माणूस यंत्राला सांगे, 'तुझ्याजवळ अमुक अमुक आहे', आणि यंत्र ते मुकाट्याने मान्य करी. यादीत चूक झाली, तर भोगायची दोघांनी.

ही रीत पालटली ती कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सने. तेथून जून १९८१ मध्ये बाहेर पडलेल्या आवृत्तीत रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेली एक नवी सोय होती. यंत्र सुरू होताना गाभा स्वतःच एकेका ठिकाणी जाऊन दार ठोठावी. आतून ओ आली तर उपकरण आहे. न आली तर जागा रिकामी. कोणती उपकरणे संभवतात याची यादी अजूनही माणूसच देई, परंतु त्यांतली खरोखर हजर किती, हे यंत्र पाहून घेई. सांगितलेल्यावर विसंबण्याऐवजी पाहून खात्री करण्याची ही सुरुवात होती.

दरम्यान युनिक्सचे गोत्र वाढत चालले होते. सन, एचपी, आयबीएम, डिजिटल अशा कंपन्यांनी आपापली युनिक्स काढली. एक शाखा बेलची, एक बर्कलीची, आणि पुष्कळ शाखांत दोन्हींची सरमिसळ. अशा वेळी यंत्राला नाव विचारण्याची एक आज्ञा कामी येई, ती म्हणजे 'यूनेम'. ती बेलच्याच घराण्यातली. प्रणालीचे नाव, यंत्राचे नाव, दोन प्रकारचे आवृत्तीक्रमांक आणि यंत्राची जात, अशा पाच गोष्टी ती सांगते. युनिक्ससारख्या प्रणालींसाठी जे 'पॉझिक्स' मानक ठरले, त्यातही तिला स्थान मिळाले.

पण नुसत्या नावाने भागेना. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या निरनिराळ्या वागत. भिन्न नावांच्या दोन प्रणाली एकसारख्या वागत. नाव पाहून निर्णय घेणारे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर गेले की अडखळत. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी हे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी अनेक छोट्या प्रोग्रॅमांची निगा राखत होते. त्यांनी या त्रासातून 'ऑटोकॉन्फ' हे साधन रचले. त्यातला विचार असा की, यंत्राला कुळाबद्दल विचारू नका, त्याला एक लहानसे काम करायला द्या. एखादी सोय आहे की नाही हे जाणायचे, तर ती सोय वापरणारा चार ओळींचा प्रोग्रॅम बांधून पाहा. बांधला गेला तर सोय आहे, नाही तर नाही. स्वयंपाकीण हवी असताना तिचे माहेर विचारण्यापेक्षा तिला भाकरी थापायला सांगावी, तसे हे.

त्याच वर्षी फिनलंडमधल्या हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' सुरू केले. त्यात चौकशीची आणखी एक वाट रुळली. बेलमधल्या टॉम किलियन यांनी १९८४ साली अशी कल्पना मांडली होती की, चालू असलेले प्रत्येक काम 'प्रॉक' नावाच्या कप्प्यात एखाद्या फाईलसारखे दिसावे. लिनक्सने ती संपूर्ण यंत्राला लावली. तेथे प्रोसेसरची माहिती एका फाईलीत, मेमरीची दुसरीत. पण या फाईली डिस्कवर कोठेच नसतात. आपण उघडली की गाभा त्या क्षणीचे उत्तर तयार करून पुढे ठेवतो.

या सर्व चौकशीचे मोल किती, हे १९९४ साली कळले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करीत होते. त्यांना इंटेलच्या नव्या पेंटियम प्रोसेसरचे भागाकार चुकताना आढळले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२० यायला हवे. सदोष पेंटियम १.३३३७३९ सांगे. अशी चूक सामान्य माणसाला २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असे कंपनीचे म्हणणे पडले. लोकांना ते पटले नाही. अखेर डिसेंबरमध्ये मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचे कंपनीने मान्य केले आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले.

आता नुसते नाव विचारून यात काय कळणार? चांगला आणि सदोष, दोघेही आपले नाव पेंटियमच सांगणार. लिनक्सने काय केले, तर यंत्र सुरू होताना हाच भागाकार स्वतः करून पाहायला सुरुवात केली. आलेल्या उत्तराला पुन्हा गुणून मूळ संख्येतून वजा करायचे. शून्य उरले तर प्रोसेसर निर्दोष. सदोष असेल तर २५६ उरतात. निकाल प्रोसेसरच्या त्या फाईलीत एका ओळीत लिहिला जाई, 'होय' किंवा 'नाही'. लाखो यंत्रांनी वर्षानुवर्षे रोज सकाळी हे गणित सोडवले.

प्रत्येक दोष मात्र असा पकडता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे दोष जाहीर झाले. प्रोसेसर घाईने पुढचे काम उरकताना गुप्त माहितीचा माग सांडतो, असे त्यांचे स्वरूप. लिनक्सने त्यांच्यासाठी वेगळा कप्पा उघडला. यंत्राला कोणता धोका आहे आणि त्यावर कोणता उपाय केला आहे, हे तेथे वाचता येते. पण येथे बहुतांशी प्रोसेसरच्या कुळाची यादीच पाहावी लागते, किंवा प्रोसेसर स्वतःबद्दल जे सांगेल ते मानावे लागते. नावाशिवाय चालत नाही आणि नुसत्या नावावर विसंबता येत नाही, अशी ही कोंडी आहे.

ही सारी दूरदेशीची कहाणी वाटली, तर खिशातला अँड्रॉइड फोन काढून पाहावा. त्याचाही गाभा लिनक्सच आहे. सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत शिरले की बहुतेक फोनांत गाभ्याचा आवृत्तीक्रमांक दिसतो. 'यूनेम'च्या जुन्या प्रश्नाचेच ते उत्तर. फोन आपले नाव, गाव, कूळ बिनचूक सांगतो. त्याचा भागाकार बरोबर येतो की नाही, हे मात्र अजूनही भागून पाहिल्यावरच कळते.