मदतीचा हक्क कसा झाला?

१/ १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर गेले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. हे काम सरकारी मदत म्हणून मिळाले होते, हक्क म्हणून नव्हे.

२/ या मदतीला हक्काचे रूप दिले ते वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेने. तिचा १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. मागणीनंतर १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारभत्ता.

३/ युरोपच्या १९६१च्या सामाजिक सनदेतही पहिले कलम कामाच्या हक्काचेच आहे. बल्गेरियाने सुधारित सनद २००० साली स्वीकारली.

४/ मात्र सोफिया असो वा जालना, ठाऊक नसलेला हक्क कागदावरच राहतो. अर्ज दिल्याची तारखेसह पोच हाती नसेल, तर १५ दिवस मोजायचे कोठून?