वर्ज्य आणि सात्म्य : बालकांच्या अन्न-अ‍ॅलर्जीवरील उपायांचा इतिहास

जे अन्न बहुसंख्यांना पोषक तेच एखाद्यास विषासमान ठरते, हा अनुभव वैद्यकाइतकाच जुना आहे. या अनुभवाला शास्त्रीय नाव आणि कारणमीमांसा मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी लाभली. तेव्हापासून अशा बालकाच्या आहाराविषयी दोन परस्परविरुद्ध उपदेश होत आले. बाधक पदार्थ सर्वस्वी वर्ज्य करावा, हा एक. तो अल्प मात्रेने देत सात्म्य करावा, म्हणजे सवयीने शरीरास मानवेल असा करावा, हा दुसरा. या इतिहासाकडे जुने अज्ञान आणि नवे ज्ञान यांचा झगडा म्हणून पाहिल्यास त्यातील मुख्य बोध निसटतो. वस्तुतः येथे प्रश्न दोन होते. ज्या बालकास बाधा जडली आहे त्याने काय करावे, हा पहिला. ज्यास ती जडलेली नाही त्यास ती जडू नये म्हणून काय करावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यावाचून दुसऱ्यास लावले गेले, यातच या इतिहासाचे मर्म आहे.

१

१९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या नौकेवरील सफरीत शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सागरी जीवांच्या विषाचा अभ्यास आरंभिला. पुढे समुद्रपुष्पाच्या विषाची अल्प मात्रा कुत्र्यांना टोचून त्यांच्या ठायी प्रतिकारशक्ती निर्माण करावी, असा त्यांचा हेतू होता. परंतु पहिल्या मात्रेतून सुखरूप बाहेर पडलेला कुत्रा सुमारे तीन आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. संरक्षणाऐवजी त्याच्या नेमके उलट घडले म्हणून १९०२ मध्ये या घटनेस ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ असे नाव देण्यात आले. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के हे घोड्याच्या रक्तद्रवाची लस टोचलेल्या मुलांचे निरीक्षण करीत होते. काही मुलांना ज्वर येई, अंगावर पित्त उठे, सांधे सुजत. लस दुसऱ्यांदा टोचल्यास हीच लक्षणे अधिक लवकर दिसत. बाह्य पदार्थाशी संबंध आल्याने शरीराची प्रतिक्रिया देण्याची रीतच बदलते, असा निष्कर्ष काढून त्यांनी १९०६ मध्ये ग्रीक शब्दांवरून ‘अ‍ॅलर्जी’ ही संज्ञा घडविली. या संज्ञेचा उगमच बालरुग्णांच्या निरीक्षणात आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

२

आज नवी म्हणून गाजणारी उपचारपद्धती या संज्ञेच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी अवलंबिली गेली होती. अंड्याच्या लेशमात्र स्पर्शानेही बाधा होणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलाचा वृत्तांत इंग्लंडमधील डॉ. आल्फ्रेड स्कोफील्ड यांनी १९०८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अंड्याचा दशसहस्रांश भाग असलेल्या गोळीपासून आरंभ करून त्यांनी मात्रा हळूहळू वाढवीत नेली. काही महिन्यांनी तो मुलगा अंडे खाऊ लागला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ऑस्कर श्लॉस यांनी अंडे, बदाम व ओट यांची बाधा असलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या त्वचेवर ओरखडे काढून त्यांवर ते ते पदार्थ लावले आणि उठणाऱ्या गांधींवरून दोषी अन्न ओळखले. निदानास अशा प्रकारे प्रत्यक्ष साधन मिळाले.

तथापि सर्वांत दूरगामी निरीक्षण प्रयोगशाळेत झाले. ज्या गिनीपिगांच्या नित्य आहारात एखादे वनस्पतिज प्रथिन होते, त्यांना तेच प्रथिन टोचून अ‍ॅनाफिलॅक्सिस घडवून आणता येत नाही, असे वेल्स व ऑस्बर्न या अमेरिकी संशोधकांना १९११ मध्ये आढळले. पोटातून आधी परिचित झालेल्या पदार्थाविरुद्ध शरीर शस्त्र उपसत नाही, असा याचा अर्थ. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा धागा येथे हाती आला होता. परंतु बालसंगोपनाच्या उपदेशापर्यंत तो पोहोचला नाही.

३

पुढील काळात वर्जनाचा मार्ग प्रबळ झाला, त्याला कारणेही सबळ होती. सात्म्यीकरणात प्रत्येक मात्रेस धोका असे आणि तो मोजण्याचे साधन नव्हते. कॅलिफोर्नियातील अ‍ॅल्बर्ट रो यांनी संशयित पदार्थ वगळून पाहण्याचे आहारक्रम रचले. दरम्यान कारणाचा शोधही पुढे जात होता. १९२१ मध्ये प्राउसनिट्झ यांनी, मासे न मानवणारे आपले सहकारी क्यूस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि बाधेचे कारण रक्तातून संक्रमित होते हे दाखविले. इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहानसन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये त्या घटकाचा स्वतंत्रपणे शोध घेतल्यावर १९६८ मध्ये त्यास ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ हे नाव मिळाले.

रुग्ण व वैद्य या दोघांनाही पदार्थ कळू न देता तो खाऊ घालण्याची परीक्षा चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये दम्याच्या बालरुग्णांवर वापरली. तीत आईबापांनी सांगितलेली बाधा पुष्कळ वेळा सिद्ध झाली नाही. वर्जनाचा अतिरेक होत असल्याची ही शास्त्रीय सूचना होती. उलट खरी बाधा असलेल्या मुलांपुढील संकट किती भीषण असते, हे ह्यू सॅम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९२ च्या लेखाने उघड केले. त्यातील तेरा मुले व किशोर मिठाई, बिस्किटे इत्यादींत दडलेले बाधक अन्न अजाणता खाऊन बसले होते. सहा दगावले, सात वाचले. वाचलेल्यांपैकी सहांना अर्ध्या तासाच्या आत अ‍ॅड्रेनॅलिन मिळाले होते; मृतांपैकी पहिल्या तासात ते केवळ दोघांना मिळाले. बाधित मुलासाठी काटेकोर वर्जन, वेष्टनावरील घटकांचे वाचन आणि जवळ बाळगलेले अ‍ॅड्रेनॅलिन ही त्रयी येथून निर्विवाद ठरली.

४

मात्र याच सुमारास एक तार्किक उडी घेतली गेली. बाधितास जे अन्न घातक, ते निरोगी अर्भकासही उशिरा द्यावे, म्हणजे बाधा टळेल, असे मानले गेले. ज्या कुटुंबांत अ‍ॅलर्जीचा इतिहास आहे त्यांतील मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत, असा सल्ला ब्रिटनमध्ये १९९८ साली आणि अमेरिकेत २००० साली अधिकृतपणे देण्यात आला. हेतू शुद्ध होता. पुरावा तुटपुंजा होता.

या सल्ल्याचा पाया अनेक बाजूंनी खचला. ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या पाहणीत २००३ मध्ये असे दिसले की, दाहयुक्त त्वचेवर शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे लावणे आणि पुढे शेंगदाण्याची बाधा होणे यांत संबंध आहे. भेगाळलेल्या त्वचेतून शिरणारे प्रथिन वैर निर्माण करते आणि पोटातून येणारे सख्य जोडते, या उपपत्तीस त्यामुळे बळ मिळाले. २००८ मध्ये लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाने ब्रिटन व इस्रायल येथील ज्यू बालकांची तुलना केली. शेंगदाण्याच्या बाधेचे प्रमाण ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, तर इस्रायलमध्ये ०.१७ टक्के आढळले. इस्रायलमधील अर्भके शेंगदाण्याचा खाऊ लवकर खात, ब्रिटनमधील बहुधा मुळीच खात नसत. त्याच वर्षी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आपला सल्ला मागे घेतला.

निर्णायक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र इसब अथवा अंड्याची बाधा असलेल्या, चार ते अकरा महिन्यांच्या ६४० अर्भकांपैकी काहींना शेंगदाणा नियमित दिला, इतरांना वर्ज्य केला. त्वचा-परीक्षेत आरंभी प्रतिक्रिया नसलेल्यांत पाचव्या वर्षी बाधेचे प्रमाण वर्जन करणाऱ्यांत १३.७ टक्के, खाणाऱ्यांत १.९ टक्के निघाले. सौम्य प्रतिक्रिया असलेल्यांत ते अनुक्रमे ३५.३ व १०.६ टक्के होते. मोठी गांध उठलेल्या अर्भकांना मात्र प्रयोगाबाहेर ठेवले होते. २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शनाने म्हणूनच अधिक धोक्याच्या अर्भकांना आधी परीक्षा व मग चार ते सहा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा, असा क्रम सांगितला. अख्खा दाणा घशात अडकण्याचे भय असल्याने तो मऊ व पातळ रूपातच देणे इष्ट मानले गेले.

५

स्कोफील्ड यांचा मार्गही पुन्हा उजळला. ४ ते १७ वर्षांच्या बाधित मुलांसाठी मोजलेल्या मात्रेच्या शेंगदाणा-भुकटीस अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. तथापि हा उपाय बाधा समूळ नष्ट करीत नाही. तो चुकून झालेल्या सेवनापासून काही प्रमाणात संरक्षण देतो. वर्जन व अ‍ॅड्रेनॅलिन यांची गरज त्यानंतरही उरतेच.

हा इतिहास वाचून येथील अभ्यासकास एक मोह होणे संभवते. ‘सात्म्य’ ही आयुर्वेदाची संज्ञा, उष्टावणाचा संस्कार आणि मराठी स्वयंपाकघरातील दाण्याचे कूट यांची सांगड घालून, हे सारे पूर्वजांना ठाऊकच होते, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ‘सात्म्य’ या शब्दाने प्रथिनाविरुद्धच्या प्रतिक्रियेचे ज्ञान सिद्ध होत नाही, आणि उष्टावणाच्या खिरीवरून दाण्याच्या बाधेविषयी काहीच निष्पन्न होत नाही. साम्य दिसले म्हणजे पुरावा मिळाला असे मानणे हीच ती चूक, जी १९९८ व २००० च्या उपदेशकांनी केली होती.

त्यांची भूल निष्काळजीपणाची नव्हती, सावधगिरीची होती. काही न देणे हे नेहमीच निरुपद्रवी असते, हे गृहीतक त्यांनी तपासले नाही. निषेध हाही एक उपचार आहे आणि त्यासही पुराव्याची कसोटी लागू आहे, हे वैद्यकास उमगण्यास १९११ च्या त्या प्रयोगानंतर सुमारे एक शतक जावे लागले.